तुटलेली नावं आणि चौकटी कंस

कार्ल्याच्या लेण्यातल्या एका खांबावरून गेल्या आठवड्यात आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपवर जोरदार भांडण झालं. कुणीतरी चैत्यगृहातल्या खांबाचा फोटो टाकला. त्यावर ब्राह्मीत कोरलंय की हा खांब म्हणजे धेनुकाकटच्या सिहधय नावाच्या यवनाचं दान. झालं! एकाने लिहिलं, "बघा, आपली लेणी ग्रीकांनी बांधली." दुसऱ्याने उत्तर दिलं, "सिहधय म्हणजे सिंहध्वज. अस्सल इथलं नाव. ग्रीक-बिक काही नाही." तिसऱ्याने दोघांचीही अक्कल काढली. रात्री साडेअकराला ॲडमिनने वैतागून ग्रुपला कुलूप घातलं.

मी त्या भांडणात काही बोललो नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईना. नावावरून माणूस कोण होता, कुठला होता, हे नक्की किती सांगता येतं? आणि दगड फुटलेला असेल, नाव अर्धंच उरलं असेल, तर आपण उरलेलं अर्धं कशाच्या जोरावर भरतो?

या प्रश्नावर पिढ्यानपिढ्या डोकं खर्च झालंय ते प्राचीन ग्रीसच्या शिलालेखांवर. मी काही पुरालेखतज्ज्ञ नाही. मोडी शिकताना कसर लागलेले कागद वाचायची सवय लागली, आणि त्या नादात ग्रीक शिलालेख कसे वाचतात याबद्दल मिळेल ते वाचत गेलो. तेव्हा आज जरा लांबची, अथेन्सची गोष्ट सांगतो. कार्ल्याला शेवटी परत येऊच.

नाव कोरणं हे सार्वजनिक काम होतं

इ.स.पू. पाचव्या शतकातलं अथेन्स म्हणजे याद्यांचं शहर. खजिनदार कोण, कुठल्या गावाने किती खंडणी भरली, देवळाच्या बांधकामावर कोणाला किती मजुरी दिली, कोणाची मालमत्ता जप्त झाली, हे सगळं दगडावर कोरून चारचौघांत उभं करायचं. आणि लढाईत कोण कोण मेलं, तेही.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असा एक दगड आहे. इ.स.पू. ४६०च्या आसपासचा. फ्रान्सचा तुर्कस्तानातला राजदूत मार्की द न्वांतेल याने सतराव्या शतकात तो अथेन्सहून नेला. अथेन्सच्या नागरिकांचे दहा गट होते, त्यांतल्या एरेख्थेइस नावाच्या एकाच गटाची ही यादी आहे. वर मथळा आहे: सायप्रस, इजिप्त, फिनिशिया, हालिएइस, एजिना आणि मेगारा इथल्या युद्धात, एकाच वर्षात मेलेले. खाली रांगेने पावणेदोनशेच्या आसपास नावं.

'एकाच वर्षात' हे शब्द त्यांनी मुद्दाम कोरलेत. दहातल्या एका गटाची एवढी माणसं, सहा ठिकाणी, एका वर्षात. त्यात सेनापती आहे, फौजेबरोबर जाऊन शकुन सांगणारा आहे, तिरंदाज आहेत. पण बापाचं नाव कोणाच्याच पुढे नाही. घराणं नाही, गाव नाही. मेल्यावर सगळे नुसत्या एका नावाचे. सेनापतीला हुद्दा तेवढा लावलाय, बाकी ओळ सगळ्यांसारखीच.

थुसिडिडीस या इतिहासकाराने अशा सार्वजनिक अंत्ययात्रेचं वर्णन करून ठेवलंय. दर गटाची एक, अशा सायप्रेस (सरू) झाडाच्या लाकडाच्या दहा पेट्या, त्यांत अस्थी. आणि एक तिरडी रिकामी. ज्यांची प्रेतं सापडलीच नाहीत, त्यांच्यासाठी. म्हणजे ज्याचं हाड हाती लागलं नाही, त्याचं उरलं काय? नाव. दगडावरचं तेवढंच.

हे वाचल्यापासून फुटक्या शिलालेखाकडे बघायची माझी नजर बदलली. अशा बहुतेक याद्या अख्ख्या मिळालेल्या नाहीत. संगमरवर हा महाग दगड. पुढच्या लोकांनी तो भिंतीत घातला, उंबरठ्याला वापरला, चुन्याच्या भट्टीत जाळला. त्यामुळे हाती येतो तो तुकडा. वरचा भाग गेलेला, डावी कड उडालेली, मधोमध खड्डा. आणि त्या कडेला कुणाच्या तरी नावाची शेवटची चार अक्षरं.

चार अक्षरांवरून काय कळतं?

कधीकधी पुष्कळ. कारण ग्रीक नाव आपल्या ओळखीच्या पद्धतीने बांधलेलं असतं.

अथेन्सच्या नागरिकाचं पूर्ण नाव तीन भागांचं. स्वतःचं नाव, बापाचं नाव, आणि गावावरून आलेलं नाव. पेरिक्लीस, झांथिप्पोसचा, खोलार्गेउस. खोलार्गोस या गावाचा तो खोलार्गेउस. आपल्याकडे म्हणाल तर 'खोलार्गकर'! शिवाय ही गावाची ओळख क्लेइस्थेनिसच्या सुधारणांपासून, म्हणजे इ.स.पू. ५०८च्या सुमारापासून, बापाकडून मुलाकडे चालत आली. घर बदललं तरी नाव बदलत नसे. पुण्यात चार पिढ्या राहिलेले सातारकर जसे सातारकरच राहतात, तसंच.

नातवाला आजोबाचं नाव ठेवायची पद्धतही तिथे होती. अथेन्सच्या एका बड्या श्रीमंत घराण्यात तर काल्लियास, मग हिप्पोनिकोस, मग परत काल्लियास, परत हिप्पोनिकोस असा पिढ्यानपिढ्या पाळणा चालला होता. त्यामुळे एका दगडावर 'हिप्पोनिकोसचा' एवढंच उरलं असेल आणि काळ जुळत असेल, तर मुलाच्या नावाचा अंदाज बांधता येतो.

नावं जोडशब्दांची असतात, त्याचाही फायदा. 'थेओदोतोस' म्हणजे सरळ आपला देवदत्त. 'दिओदोरोस' म्हणजे झ्यूस देवाने दिलेला. 'हिप्पोस' म्हणजे घोडा. घोडा पाळणं फक्त श्रीमंतांना परवडायचं, म्हणून नावात 'हिप्पोस' असणं हे मोठेपणाचं. ॲरिस्टोफेनिसच्या 'मेघ' या नाटकात यावरून नवरा-बायकोचं भांडण आहे. बायको वरच्या घरातली, तिला मुलाच्या नावात घोडा पाहिजे. नवरा खेड्यातला, त्याला आपल्या बापाचं, 'काटकसरी' अर्थाचं नाव ठेवायचंय. शेवटी तडजोड होते आणि पोराच्या नावात काटकसर आणि घोडा दोन्ही येतात: फेइदिप्पिदीस. हे नाटक इ.स.पू. ४२३चं आहे. बारशाची भांडणं तेव्हापासून तशीच.

पण इथेच अडचणही सुरू होते. समजा तुकड्यावर '...इप्पोस' एवढंच राहिलंय. मग तो फिलिप्पोस, झांथिप्पोस, आरिस्तिप्पोस, क्रातिप्पोस, यांतला कोणीही असेल. कुठला भरायचा?

इथे दोन गोष्टी मदतीला येतात. पहिली म्हणजे कोरण्याची पद्धत. अथेन्समधल्या चांगल्या कारागिराने त्या काळात अक्षरं आलेखाच्या कागदावर लिहावीत तशी कोरली आहेत. प्रत्येक अक्षर वरच्या अक्षराच्या बरोब्बर खाली. एका ओळीत किती अक्षरं होती हे एकदा कळलं, की तुटलेल्या जागेत किती बसतील ते मोजता येतं. जागा तिघांची असेल तर पाच अक्षरं कोंबता येत नाहीत. तुमचं लाडकं नाव बसत नसेल तर ते सोडावं लागतं.

दुसरी मदत म्हणजे नावांचे कोश. योहानेस किर्खनर या जर्मन विद्वानाने १९०१ ते १९०३ या काळात अथेन्सच्या पंधरा हजारांवर माणसांची सूची छापली. पुढे १९७२ मध्ये पीटर फ्रेझर यांनी ब्रिटिश ॲकॅडमीचा प्रकल्प म्हणून सगळ्या ग्रीक जगातल्या व्यक्तिनावांचा कोश सुरू केला. त्याचा पहिला खंड आला १९८७ मध्ये. अथेन्स आणि तिच्या परिसराचा खंड १९९४चा, त्यात साठ हजारांहून जास्त माणसं आहेत. या खंडांत एक उलटी सूचीही असते, शेवटच्या अक्षराकडून लावलेली. म्हणजे ज्याच्या हातात नावाची फक्त शेपटी आहे त्याने ती सूची उघडायची आणि त्या शेपटीची सगळी नावं एका जागी बघायची. फुटक्या दगडांसाठीच केलेली सोय.

बरं, आधी जे उरलंय ते तरी नीट वाचायला हवं. त्यासाठी जाड कागद ओला करून दगडावर बसवतात, ब्रशने ठोकून अक्षरांच्या खाचांत घालतात, वाळला की सोलून काढतात. दगडाचा हा ठसा कुठेही नेता येतो. उजेड डावीकडून पाडा, उजवीकडून पाडा, वर धरा, खाली धरा. दगडावर न दिसलेली रेघ कधीकधी ठशात दिसते. आणि कधीकधी रेघ वाटते तो नुसता ओरखडा निघतो.

एक साधा कंस

आता मला ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहावंसं वाटलं, तिच्याकडे येतो.

१९३१ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन शहरात विद्वानांनी बसून काही खुणा ठरवल्या. तोवर जो तो आपापल्या पद्धतीने लेख छापायचा. आता नियम असा: दगडावर जे अक्षर नाही, गेलंय, आणि जे संपादकाने आपल्या अंदाजाने भरलंय, ते चौकटी कंसात टाकायचं. अक्षर आहे पण पुसट आहे, एकट्याने वाचलं तर दुसरंही वाटेल, त्याच्याखाली टिंब द्यायचं. अंदाजच करता येत नसेल तर गेलेल्या अक्षरांइतकी टिंबं मांडून ठेवायची, आणि गप्प बसायचं.

म्हणजे '[फिल]इप्पोस' असं छापलं की वाचणाऱ्याला कळतं: 'इप्पोस' दगडाचं, 'फिल' माझं.

एवढीच गोष्ट. पण यात केवढा प्रामाणिकपणा आहे बघा. संपादक सांगतो की इथपर्यंत पुरावा, इथून पुढे मी. पटत नसेल तर माझा भाग काढून टाका, दगडाचा भाग तुमच्यासाठी तसाच ठेवलाय.

आणि हा कंस विसरला की काय होतं? भूतनावं तयार होतात. एखाद्याने एका ओळीची शेवटची अक्षरं आणि पुढच्या शब्दाची सुरुवात चुकून एकत्र वाचली, नवंच नाव झालं. ते सूचीत गेलं. मग दुसऱ्या संपादकाला तशीच अक्षरं असलेला दुसरा तुकडा मिळाला. त्याने सूची बघितली, "हे नाव तर माहीतच आहे," म्हणून कंसात तेच भरलं. आता त्या नावाला दोन 'पुरावे' झाले. माणूस मात्र कधी जन्मालाच आला नव्हता. आपल्याकडे एक फॉरवर्ड दहा ग्रुपांतून फिरून आला की "सगळीकडे आलंय" म्हणतात ना, ती हीच गंमत.

अर्न्स्ट बेडियन या इतिहासकाराने १९८९ मध्ये एका लेखाला शीर्षकच दिलं होतं, 'चौकटी कंसांतून इतिहास'. कंसातल्या शब्दांवर सिद्धान्त उभारायचा आणि मग तो सिद्धान्त दुसऱ्या कंसाला आधार म्हणून वापरायचा, या सवयीला तो टोला होता.

दोन अक्षरं आणि चाळीस वर्षं

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर एक खरी लढाई सांगतो.

सिसिली बेटाच्या पश्चिमेला सेगेस्ता नावाचं शहर होतं. अथेन्सने त्याच्याशी तह केला, तो दगडावर कोरला. तो फुटका, झिजलेला दगड अथेन्सच्या शिलालेख संग्रहालयात आहे. त्या काळी वर्षाला आकडा नसे. त्या वर्षीच्या मुख्य अधिकाऱ्याचं, आर्खोनचं, नाव हेच वर्षाचं नाव. आणि नेमकं तेच नाव झिजलंय. स्पष्ट दिसतात ती शेवटची दोन अक्षरं: '...ओन'.

मग तो हाब्रोन का? तसं असेल तर साल इ.स.पू. ४५८. की आंतिफोन? तर साल ४१८. मध्ये तब्बल चाळीस वर्षं!

जुन्या विद्वानांनी अक्षरांच्या वळणावरून सांगितलं की हा लेख जुनाच. ग्रीक 'स'चं एक वळण असतं तीन रेघांचं, ते इ.स.पू. ४४६च्या सुमारानंतर अथेन्सच्या सरकारी लेखांत बंद झालं, असा नियम मानला होता. या दगडावर ते वळण आहे, म्हणून आंतिफोन शक्यच नाही. हॅरल्ड मॅटिंग्ली या इंग्रज अभ्यासकाने १९६१ पासून उलट बाजू लावून धरली. त्यांचं म्हणणं, हा नियमच कच्चा आहे; कारागिराने सवयीने जुनं वळण पुढेही वापरलं असेल. वर्षानुवर्षं बहुतेकांनी त्यांचं ऐकलं नाही.

१९९० मध्ये मॉर्टिमर चेंबर्स, राल्फ गॅलुची आणि पांतेलिस स्पानोस या तिघांनी त्या दगडाचा लेसरने तपास केला, आणि आंतिफोनच्या नावाची अक्षरं दिसतात असं जाहीर केलं. लगेच सगळ्यांनी मान्य केलं असं नाही, त्यावरही वाद झाले. पण आज बहुतेक अभ्यासक आंतिफोन, म्हणजे इ.स.पू. ४१८ हेच धरून चालतात.

आता तुम्ही म्हणाल, एका आर्खोनच्या नावाने काय फरक पडतो? पडतो. इ.स.पू. ४१५ मध्ये अथेन्सने सिसिलीवर मोठी मोहीम काढली आणि तिच्यात आरमार, फौज सगळं गमावलं. मोहिमेचं एक निमित्त होतं सेगेस्ताला मदत. तह चाळीस वर्षं जुना असेल, तर अथेन्सची पश्चिमेकडे नजर फार आधीपासून होती. तह फक्त तीन वर्षं आधीचा असेल, तर गोष्ट वेगळी होते. शिवाय तीन रेघांच्या 'स'चा नियम पडला, की त्या नियमाने ज्यांची सालं ठरवली होती ते बाकीचे लेखही हलतात. अथेन्सने आपल्या मित्रशहरांवर जुलूम कधी सुरू केला, पेरिक्लीसच्या काळात की त्याच्या मागून, याचं उत्तरही त्याबरोबर सरकतं. एका नावाच्या शेपटीवर हे सगळं अडकलं होतं.

यात मला आवडतं ते हे: मॅटिंग्लींना विरोध करणारे मूर्ख नव्हते आणि मॅटिंग्ली चमत्कारी नव्हते. दोन्ही बाजूंनी अंदाज कंसात ठेवला होता. म्हणून तीस वर्षांनंतर का होईना, कोणीतरी त्या दगडाकडे परत जाऊ शकलं.

जे पुस्तकांत नाहीत ते

फुटक्या नावांचा दुसरा मोठा साठा म्हणजे खापऱ्या. अथेन्समध्ये एखादा पुढारी डोईजड झाला की लोक मत देऊन त्याला दहा वर्षांसाठी शहराबाहेर काढत. मतपत्रिका म्हणजे फुटलेल्या मडक्याची खापरी, तिच्यावर त्याचं नाव ओरखडायचं. खापरी मुळात फुटकी, त्यात पुन्हा फुटते. तरी अशा हजारो सापडल्यात.

१९३७ मध्ये ऑस्कर ब्रोनीर यांना ॲक्रोपोलिसच्या उत्तर उताराजवळच्या एका विहिरीत १९०च्या आसपास खापऱ्या मिळाल्या, सगळ्यांवर थेमिस्तोक्लीसचं नाव. हस्ताक्षरं मोजली तर ती अवघी चौदा निघाली! म्हणजे आधीच लिहून वाटायला तयार ठेवलेली मतं, असा बहुतेकांचा अंदाज. निवडणुकीच्या आदल्या दिवशीची कामं कोणत्या शतकात होत नव्हती?

पण मला जास्त भावतो तो काल्लिक्सेनोस. आरिस्तोनिमोसचा मुलगा, क्सिपेते गावचा. त्याच्या नावाच्या अडीचशेहून जास्त खापऱ्या अथेन्सच्या बाजारचौकाच्या उत्खननात निघाल्या. इतक्या लोकांना ज्याला हाकलावंसं वाटलं तो मोठाच पुढारी असणार. पण हेरोडोटस, थुसिडिडीस, प्लुटार्क, कोणीही त्याचा उल्लेख केलेला नाही. एका शब्दाने नाही. एका तुटक्या खापरीवरून तो आल्क्मेओनिद या नामांकित घराण्यातला असावा असं मानतात. मडकी फुटली नसती तर हा माणूस इतिहासात नसताच.

आणि ज्यांना नावच दिलं नाही त्यांचं काय?

इ.स.पू. ४१५ मध्ये देवांची विटंबना केल्याच्या आरोपावरून अथेन्समध्ये बऱ्याच जणांची मालमत्ता जप्त होऊन विकली गेली. त्या लिलावाचे दगड तुकड्यातुकड्यांत मिळालेत. त्यात केफिसोदोरोस नावाच्या, पिरेअस बंदरात राहणाऱ्या एका परदेशी रहिवाशाचे सोळा गुलाम आहेत. यादी अशी: थ्रेसची बाई, १६५ द्राख्मा. थ्रेसचा पुरुष, १७०. सीरियाचा, २४०. इलिरियाचा, १२१. कारियाचं लहान मूल, ७२.

मालकाचं नाव आहे. किंमत अगदी शेवटच्या द्राख्मापर्यंत आहे. गुलामाच्या नावाच्या जागी फक्त मुलूख. त्याच काळात एरेख्थेइओन देवळाच्या कामावरच्या कारागिराला दिवसाला एक द्राख्मा मिळायची, तिथले हिशेबही दगडावर आहेत. म्हणजे त्या पोराची किंमत बहात्तर दिवसांची मजुरी. या ओळी फुटलेल्या नाहीत, अक्षरं शाबूत आहेत, तरी नाव नाही. हे भरायला कुठलाच कोश उपयोगाचा नाही, आणि कुठल्याही शहाण्या संपादकाने तिथे कंस उघडलेला नाही.

नाव म्हणजे रक्त नव्हे

आता ग्रुपवरच्या भांडणाच्या जवळ आलो. नावावरून माणूस कुठला ते सांगता येतं का?

थुसिडिडीसचंच घ्या. अथेन्सचा सगळ्यात थोर इतिहासकार, अथेन्सचा सेनापती. बापाचं नाव ओलोरोस. हे नाव ग्रीक नाहीच, ते थ्रेसच्या राजघराण्यातलं. लिलावाच्या यादीत 'थ्रेसची बाई' म्हणून विकली जाते तोच तो मुलूख. म्हणजे अथेन्सच्या नागरिकाच्या घरात थ्रेसचं नाव होतं, आणि तरी तो पुरता अथेन्सकर होता.

उलट बाजूही आहे. कंदाहारकडचा म्हणून मानला जाणारा एक ग्रीक शिलालेख २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. एकदम सफाईदार ग्रीक पद्य. प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर घेऊन खाली वाचत गेलं तर कर्त्याचं नाव येतं: सोफितोस, नारातोसचा मुलगा. ही दोन्ही नावं ग्रीक नाहीत. बहुतेक विद्वान त्यांमागे भारतीय नावं बघतात, सोफितोसमागे सुभूती. ग्रीक साहित्यात मुरलेला माणूस, नाव बहुधा आपल्याकडचं.

आणि विदिशेजवळ बेसनगरला तो प्रसिद्ध गरुडस्तंभ आहे. उभारणारा हेलिओदोर, दियाचा मुलगा, तक्षशिलेचा, ग्रीक राजाचा वकील. प्राकृतात लिहिलेलं असलं तरी नाव उघड ग्रीक: हेलिओदोरोस, सूर्याने दिलेला. स्वतःला मात्र तो भागवत म्हणवतो, आणि स्तंभ वासुदेवाचा.

म्हणजे नाव एकीकडे, भाषा दुसरीकडे, देव तिसरीकडे. तिन्ही एकाच गठ्ठ्यात येतील असा दगडाने कधी शब्द दिला नव्हता.

आता कार्ले. तिथले यवन दाते सिहधय, यसवधन, धम्म अशा नावांचे. नाशिकच्या लेण्यात उत्तरेकडच्या दत्तामित्री गावचा यवन इंद्राग्निदत्त, धम्मदेवाचा मुलगा. म्हणजे बापलेक दोघांचीही नावं इथली. जुन्नरला चंद आणि चिट आहेत, आणि एक इरिल आहे, ज्याचं नाव कानाला प्राकृत वाटत नाही. त्याने पाण्याची दोन टाकी खोदून दिली.

दगड एवढं सांगतो: हे स्वतःला यवन म्हणवत होते, धेनुकाकट किंवा दत्तामित्री ही आपली गावं म्हणून सांगत होते, प्राकृतात लेख कोरून घेत होते, आणि बौद्ध लेण्यांना खांब, टाकी देत होते. ही पक्की अक्षरं.

"ते ग्रीक रक्ताचे होते" हे कंसात. "नाव इथलं म्हणजे माणूस ग्रीक असूच शकत नाही" हेही कंसात. "लेणी ग्रीकांनी बांधली" हे तर कंसातही बसत नाही. तिथल्या लेखांत धेनुकाकटच्या इतर लोकांची दानंही आहेत, त्यात सुतार आहे, गंध विकणारा आहे. यवन हे त्या रांगेतले काही जण.

माझं मत विचाराल तर यातले काही जण तरी ग्रीक मुळाचे असावेत, पिढ्यांमागून इथलेच झालेले. पण हे मी चौकटी कंसात लिहितोय, तुम्ही खोडू शकता.

हे सगळं आज का लिहिलं? कारण आपल्याकडे इतिहासावरून रोज भांडणं होतात, आणि पूर्वी कोण कुठून आलं यावरून आज कोण आपलं कोण परकं हे ठरवायची घाई सगळ्यांनाच झालीय. त्या भांडणात अंदाज कोणाकडे नसतो? माझ्याकडेही आहे, तुमच्याकडेही आहे. अडचण अंदाजाची नाही, कंस पुसून टाकण्याची आहे. दगडावरची चार अक्षरं आणि आपली आठ अक्षरं एकाच शाईने लिहायची, आणि समोरच्याने विचारलं की त्यालाच देशद्रोही नाहीतर अडाणी ठरवायचं. चाळीस वर्षांनी चुकलेलं साल दुरुस्त होऊ शकलं, कारण लोकांनी आपला भाग आणि दगडाचा भाग वेगळा ठेवला होता. आपण तेवढं करतोय का?

पुढच्या खेपेला कार्ल्याला गेलात तर एकवीरेचं दर्शन घेऊन चैत्यगृहात दहा मिनिटं जास्त थांबा. खांबांवरची नावं टॉर्चचा उजेड तिरका पाडून बघा, समोरून पाडलात तर अक्षरं पुसट दिसतात. हात लावू नका, खडू तर अजिबात फिरवू नका. ब्राह्मी येत नसेल तर येणाऱ्या कुणाला सोबत घ्या. दोन हजार वर्षं ती नावं तिथे आहेत, सुताराचंही आणि यवनाचंही.

ग्रुप परवा पुन्हा उघडला. मी हेच सगळं थोडक्यात लिहून टाकलं. पहिलं उत्तर आलं, "म्हणजे नक्की ग्रीक होते की नाही ते सांगा ना सर!"

असो. काही चुकलं असेल तर कमेंटमध्ये सांगा, दुरुस्त करतो.